प्रतिपदेचा पाडवा कसा झाला?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. लेकीला शाळेत 'सणाचं नाव कुठून आलं' यावर दहा ओळी लिहायच्या आहेत, तिने पाडवा निवडला, आणि घरात तीन मतं पडली. सासूबाई म्हणतात, चैत्रात आंबा पाडाला येतो म्हणून पाडवा. मिस्टरांच्या मोबाइलवर आलेला संदेश म्हणतो, 'पाड' म्हणजे पूर्णत्व आणि 'वा' म्हणजे वाढवणारा. पंचवटीतले तुमचे गुरुजी म्हणाले, 'प्रतिपदेचा पाडवा, बाकी काही नाही.' गुरुजींचं तुम्हाला पटलं, पण लेकीने विचारलं की प्रतिपदेतला 'प्र' गेला कुठे आणि 'ड' आला कुठून, तेव्हा सगळेच गप्प झाले.

गुरुजी बरोबर आहेत. पण लेकीचा प्रश्न त्यांच्या उत्तरापेक्षा मोलाचा आहे. मी तीसेक वर्षं जुनी मराठी आणि प्राकृत शिकवलं. व्युत्पत्ती सांगणारे शेकडो भेटले, 'मधलं अक्षर कुठे गेलं' असं विचारणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यामुळे उत्तर जरा लांबेल, चालवून घ्या.

आंब्याचा निकाल आधी लावतो. 'पाड' हा शब्द खरा आहे, सासूबाई तो बरोबरच वापरतात. झाडावर पिकायला आलेलं फळ म्हणजे पाड, 'आंबा पाडाला लागला' आपण म्हणतोच. पण दिवाळीतही पाडवा असतो. कार्तिक शुद्ध प्रतिपदा, बलिप्रतिपदा, त्या दिवशी बायको नवऱ्याला ओवाळते आणि ताटात काय पडतं याकडे घरादाराचं लक्ष असतं. त्या दिवसांत कुठल्या झाडाला पाड लागतो? साडेतीन मुहूर्तांत गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा हे तीन पूर्ण आणि बलिप्रतिपदा अर्धा. म्हणजे त्यातले दोन पाडवेच. एकच नाव दोन जागी आढळलं तर त्याचा अर्थ दोन्ही जागी लागला पाहिजे, ही माझी पहिली कसोटी. आंबा तिथेच गळतो.

मोबाइलवरचा अर्थही याच कसोटीत जातो. अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी चंद्र जवळजवळ दिसतच नाही, त्यात पूर्णत्व कसलं? असले अर्थ करणारा माणूस शब्द मधोमध तोडतो आणि दोन्ही तुकड्यांना मंगल अर्थ चिकटवतो. शब्द असे बनत नाहीत. ते तोंडात झिजतात, आणि झिजताना नियम पाळतात.

आता लेकीला वही-पेन घेऊन बसवा.

प्रतिपदा. पहिला तुकडा 'प्रति'. संस्कृतातल्या 'प्रति'चं प्राकृतात 'पडि' होतं. 'प्र'मधला र सुटतो, पण जाता जाता पुढच्या 'त'ला मूर्धन्य (जीभ टाळूकडे वळवून उच्चारायचा) करून जातो, त्याचा ड होतो. हे काही एकट्या पाडव्याच्या नशिबी आलेलं नाही. सर्दी झाली की आपण 'पडसं झालं' म्हणतो. ते पडसं म्हणजे वैद्यांच्या पोथीतला प्रतिश्याय. घशात मागे लोंबते ती पडजीभ म्हणजे प्रतिजिह्वा. डोंगरावरून परत येणारा पडसाद म्हणजे प्रतिशब्द. पडछाया म्हणजे प्रतिच्छाया. वर्गात मी नेहमी सांगायचो की पाडवा आणि पडसं हे चुलतभाऊ आहेत, आणि निफाडकडून थंडीत कुडकुडत येणारी पोरं त्यावर मनापासून हसायची.

दुसरा तुकडा 'पदा'. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला 'प' मऊ होऊन 'व' होतो. दीपाचा दिवा, कपाटाचं कवाड. दीपावलीची दिवाळी झाली तीही याच वाटेने. म्हणजे 'दिवाळी पाडवा' म्हणताना एकच नियम तुम्ही दोनदा उच्चारता आणि तुम्हाला पत्ताही नसतो.

राहिला 'द'. दोन स्वरांमधला 'द' प्राकृतात सरळ गळून पडतो. याचं सगळ्यात सुंदर उदाहरण बाजारात सापडतं. सव्वा किलो साखर मागता ना? पाद म्हणजे चौथा भाग. सपाद म्हणजे चौथ्या भागासकट. 'सपाद'मधल्या 'प'चा व झाला, 'द' गळला आणि उरला सव्वा. 'पाऊण'ही तसाच, पाद ऊन म्हणजे चौथा भाग कमी. आता सपादाचा 'पाद' आणि प्रतिपदेतला 'पदा' शेजारी शेजारी लिहा. दोघांचा शेवट 'वा'. सव्वामधला 'वा' आणि पाडवामधला 'वा' एकाच घाण्यातून निघाले आहेत. व्युत्पत्ती पटवायची असेल तर मी हे उदाहरण देतो. सव्वा सगळ्यांना पाठ असतो आणि त्याच्याशी कुणाच्या भावना गुंतलेल्या नसतात.

पण नुसत्या 'पडि'वरून 'पडवा' व्हायला हवा होता, 'पा' लांब का? ही शंका लेक काढेलच. बाराव्या शतकात हेमचंद्राने प्राकृताचं व्याकरण लिहिलं, त्यात काही शब्दांचा पहिला 'अ' विकल्पाने दीर्घ होतो असा नियम दिला आहे. त्या यादीत हा शब्द दोन्ही रूपांत आहे: पडिवआ आणि पाडिवआ. हिंदीत परिवा, पड़वा राहिलं, म्हणजे तिकडे पहिलं रूप गेलं. आपल्याकडे दुसरं आलं, मधला ऱ्हस्व इ बोलण्यात पुसला गेला, आणि पाडवा झाला. कोकणीत पाडवो. कानडीत आणि तेलुगूतही पाड्य, पाड्यमी अशी रूपं आहेत, तीही याच प्रतिपदेची.

आणखी एक गंमत सहसा कुणी पाहत नाही. ती प्रतिपदा, पण तो पाडवा. बाई होती, बुवा झाला! कारण साधं आहे. मराठीच्या कानाला शेवटी 'आ' ऐकू आला की घोडा, वाडा, दिवा आठवतात, आणि शब्द पुल्लिंगी होऊन बसतो. तिच्या बहिणींनी शेवटचा स्वर टाकून दिला म्हणून त्या बायकाच राहिल्या. द्वितीया, प्राकृतात बिइज्जा, मराठीत बीज: भाऊबीज, तुकाराम बीज. त्यात पेरायचं बी कुठेही नाही, लेकीला हे आवर्जून सांगा. तृतीयेची तीज, चतुर्थीची चौथ, द्वादशीची बारस, त्रयोदशीची तेरस, चतुर्दशीची चौदस, पौर्णिमेची पुनव, अमावस्येची अवस. आपल्या बहुतेक सणांची नावं ही अशी नुसती तारीख आहे. पाडवा म्हणजे 'पहिली'. बस. त्या तारखेवर गुढी उभारा, बळीची आठवण काढा, व्यापाऱ्याने वही पुजावी, शेतकऱ्याने सालगड्याचं साल ठरवावं. नाव तारखेचंच राहतं.

बारस म्हटलं की मला माझी फजिती आठवते. नोकरीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी मी भर वर्गात सांगितलं होतं की वसुबारस म्हणजे वासराचं बारसं. सुचलं, गोड वाटलं, सांगून टाकलं. मागच्या बाकावरचा सिन्नरकडचा एक वारकऱ्याचा पोरगा उठून म्हणाला, "सर, आमचे आजोबा त्र्यंबकला जातात पौषात. एकादशीचा उपास धरतात आणि दुसऱ्या दिवशी बारस सोडतात. तेव्हा कुणाचं बारसं असतं?" वर्ग हसला. मीही हसलो, पण घाम फुटला होता. निवृत्तिनाथांच्या यात्रेत पौष वद्य एकादशीनंतर बारस सोडणं हा शब्द लाखो लोकांच्या तोंडी असतो, आणि मी नाशकात राहून तो ऐकलाच नव्हता. बारस म्हणजे बारावी तिथी. शास्त्रात त्या सणाला गोवत्सद्वादशी म्हणतात. बाळाचं बारसं बाराव्या दिवशी करायचं म्हणून बारसं, म्हणजे नातं आहे, पण सख्ख्या भावंडांचं. एक दुसऱ्याचा बाप नव्हे. तेव्हापासून सुचलेली आणि गोड वाटलेली व्युत्पत्ती मी आठवडाभर कुणाला सांगत नाही.

आता तुम्ही न विचारलेल्या गोष्टीकडे वळतो, कारण ती नाशिकची आहे. दर दिवाळीला कुणी तरी भेटतं आणि मला ठणकावतं की 'धनतेरस' हिंदी, आपण मराठी माणसांनी 'धनत्रयोदशी' म्हणावं. म्हणायला माझी हरकत नाही. पण तेरस हिंदीकडून उसनी आणलेली आहे असं वाटत असेल, तर एखाद्या रविवारी सकाळी पांडवलेण्याच्या पायऱ्या चढाव्यात.

तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत मागच्या भिंतीवर एक मोठा लेख कोरलेला आहे. अक्षरं ब्राह्मी, भाषा प्राकृत, काळ इसवी सनाचं दुसरं शतक. गौतमी बलश्रीचा हा लेख, गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा. नातू पुळुमावी गादीवर असताना तिने हे लेणं भिक्षुसंघाला दान दिलं. मुलाचं कौतुक आईने किती करावं याला तिथे सीमा नाही. शक, यवन, पल्हव यांना गारद करणारा, सातवाहन कुळाचं यश पुन्हा प्रस्थापित करणारा, असं ओळीमागून ओळी. लोक ते वाचायला जातात. मी मात्र लोकांना आधी त्या लेखाच्या सुरुवातीला थांबवतो, जिथे फक्त तारीख आहे. राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीचं नाव, आणि मग:

संवछरे एकुनवीसे, गिम्हाण पखे बितीये, दिवसे तेरसे.

एकोणिसाव्या संवत्सरात, ग्रीष्माच्या दुसऱ्या पंधरवड्यात, तेराव्या दिवशी. प्रत्येक शब्दापुढे आकडाही कोरलेला आहे, आणि तो पाहण्यासारखा आहे. तेव्हा एकाशेजारी तीन मांडून तेरा लिहायची पद्धत नव्हती. दहाचं एक चिन्ह, त्याच्या शेजारी तीन आडव्या रेघा, झाले तेरा. भिंतीवर सकाळचं तिरकं ऊन असताना त्या तीन रेघा बोटाने दाखवता येतात. दाखवा, हात लावू नका. तिथला राखणदार ओरडतो आणि त्याचं बरोबर असतं.

आता ही ओळ मोठ्याने म्हणून बघा. एकुनवीसे, आपलं एकोणीस. बितीये, आपली बीज जिथून निघाली ते घराणं. पख, पंधरवड्याचा पक्ष. तेरसे, आपली तेरस. अठराशेहून अधिक वर्षांपूर्वी नाशिकच्या डोंगरावर दगडात कोरलेली. संख्येत पुढे त्यातला 'स' गळला आणि तेरा उरलं, तिथीच्या नावात मात्र तो टिकून राहिला. बारा आणि बारस, तेरा आणि तेरस, चौदा आणि चौदस. शब्दांना सणासुदीला जुने दागिने घालायची सवय असते, दुसरं काय.

एक खुलासा करायलाच हवा, नाहीतर कुणी जाणकार मला पकडेल. लेखातला तेरावा दिवस ही पंचांगातली त्रयोदशी नव्हे. सातवाहनांची कालगणना ऋतूंवर होती. वर्षाचे तीन ऋतू, एका ऋतूचे आठ पंधरवडे, आणि त्या पंधरवड्यातला तो तेरावा दिवस. म्हणून लेखात चैत्र-वैशाख नाहीत, ग्रीष्म आहे. महिने बघायचे असतील तर त्याच डोंगरावर दहाव्या लेण्यात जा. शक राजा नहपान याचा जावई उषवदात याच्या लेखात वैशाख महिना आहे आणि कार्तिक 'शुद्ध'ही आहे. हा 'शुद्ध' मला फार आवडतो. संस्कृत पंचांगं शुक्ल पक्ष लिहितात, आपण घरात आजही चैत्र शुद्ध, कार्तिक शुद्ध म्हणतो.

(जाता जाता: ही लेणी बौद्धांची आहेत, पांडवांचा तिथे काही संबंध नाही. लेखात या डोंगराला तिरण्हु म्हटलं आहे, संस्कृतात त्रिरश्मी. पांडव मागून येऊन राहिले. दिसेल त्या जुन्या लेण्यात आपण त्यांना वनवासाला पाठवतो.)

त्या ओळीतला आणखी एक शब्द सोडवत नाही: गिम्ह. ग्रीष्म या शब्दाचं हे प्राकृत रूप. फाल्गुनातल्या उत्सवाला एक जुनं नाव होतं सुग्रीष्मक, प्राकृतात सुगिम्हअ. ते तोंडात घोळता घोळता ग आणि म यांनी जागा बदलल्या आणि शिमगा तयार झाला, असं अभ्यासक मानतात. जागा बदलणं नवीन नाही. आपली मुलं चाकूचं काचू करतात आणि खेड्यात नुकसानीचं नुस्कान होतंच. म्हणजे पांडवलेण्यातल्या तारखेच्या एका ओळीत तेरस आहे, बिजेचं मूळ आहे आणि अर्धा शिमगाही आहे. संवछर तर गोव्यात अजून नांदतो, तिथे गुढीपाडव्याला संवसर पाडवो म्हणतात.

शिमगा आलाच आहे तर 'सण' या शब्दाचंही सांगून टाकतो, नाहीतर लेकीच्या निबंधाचं नावच अर्धवट राहील. सण म्हणजे संस्कृतातला क्षण. त्याचा एक अर्थ पळ-घटकेतला क्षण, दुसरा अर्थ उत्सव. प्राकृतात झाला छण, मराठीत सण. क्ष चा छ आणि त्याचा स किंवा श, ही खास मराठमोळी झीज आहे. इक्षूचा ऊस, मक्षिकेची माशी, कुक्षीची कूस, क्षेत्राचं शेत. हिंदीवाले तिथे ख करतात, खेत आणि मक्खी. हाल सातवाहनाच्या नावावर असलेली गाथासप्तशती, म्हणजे प्राकृत गाथांचा संग्रह, आपल्याच गोदाकाठच्या वाऱ्यावर वाढलेली आहे, तिच्यात फाल्गुनातल्या उत्सवाला फग्गुच्छण म्हटलंय. त्या दिवशी कुणी तरी एका मुलीच्या अंगाला चिखल माखला, आणि त्यात दोष धरायचा नाही कारण सणच तसा, असं ती गाथा म्हणते. रंगपंचमीला आपल्या नाशकातल्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात, धप्पकन उडी मारून वर येणारी पोरं मी पाहतो तेव्हा मला ती गाथा आठवते. रहाडीचा उगम तिथे आहे असं मी म्हणत नाही. सुचलं आणि गोड वाटलं, एवढंच. आठवड्याचा नियम मी पाळतो आहे.

सगळीच नावं अशी झिजत नाहीत. नागपंचमी, ऋषिपंचमी, रामनवमी, एकादशी संस्कृताचं सोवळं नेसूनच वावरतात. मला वाटतं, जी नावं कीर्तनकार आणि भिक्षुक वर्षभर पुन्हा पुन्हा घासूनपुसून उच्चारतात ती चकचकीत राहतात, आणि जी हिशेबात, गोठ्यात, बाजारात वापरली जातात ती गुळगुळीत होतात. त्यातही मुलूख बदलला की झीज बदलते. अक्षय्य तृतीया नाशिक शहरात अक्षय्य तृतीयाच आहे, फार तर अक्षय तृतीया. पण मालेगाव, सटाणा, कळवणकडे सरकलात की अहिराणी कानावर पडू लागते आणि सण होतो आखाजी. माहेरी आलेल्या लेकी, झोके आणि गाणी. राजस्थानात आखातीज म्हणतात. त्यात अक्षय आणि तीज दोन्ही स्पष्ट दिसतात, आखाजी ही त्याच्या पुढची पायरी. इथे क्ष चा ख झाला आहे, स नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. अखंड या अर्थाचा आपला 'आखा' हाही असाच. नियम रेल्वेच्या रुळासारखे असतात खरे, पण जंक्शनं असतात ना.

आता गुढी. लेकीने पाडवा निवडलाय, गुढी नव्हे, तेव्हा इथे थोडक्यात आवरतो. गुढी या शब्दाचं मूळ संस्कृतात शोधण्यापेक्षा दक्षिणेकडे शोधणं मला जास्त पटतं. कानडीत गुडी म्हणजे ध्वज, शिवाय देऊळही. तमिळमध्ये ध्वजाला कोडी म्हणतात. जुन्या मराठीत गुढी चैत्राला बांधलेली नव्हती. आनंद झाला, चांगली बातमी आली, की गुढी. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इसवी सन १२९० ची. तिच्या चौथ्या अध्यायात श्रीकृष्ण अवतार घेऊन काय करतो ते सांगताना 'सज्जनांकरवीं गुढी । सुखाची उभवीं' असं आलं आहे. तिथे पाडवा नाही, नवं वर्ष नाही, सुखाची गुढी आहे. चोखोबांच्या 'टाळी वाजवावी गुढी उभारावी' मध्ये तर ती पंढरीच्या वाटेवर आहे. म्हणजे उभारायची रीत आणि पाडवा ही तिथी या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, त्या जोडल्या गेल्या आणि जोडनाव झालं. तांबट आळीतून घासून आणलेला तांब्या, कडुनिंबाची डहाळी आणि साखरेचं हार-कडं गॅलरीत बांधताना हे कुणाच्या मनात येत नाही आणि यायची गरजही नाही.

शालिवाहनाचंही कुणी तरी तुम्हाला सांगेल. शालिवाहनाने शकांवर विजय मिळवला, त्याच्या गुढ्या उभारल्या, तेव्हापासून शक सुरू झाला. विजय खरा आहे आणि पुरावा आपल्या जिल्ह्यातच सापडला. सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला १९०६ साली तेरा हजारांवर चांदीची नाणी मिळाली. नाणी नहपानाची आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप वरून मारलेला. हरलेल्याच्या चेहऱ्यावर शिक्का, याहून ठसठशीत विजयपत्र कोणतं? पण मघाची ओळ पुन्हा वाचा. संवछरे एकुनवीसे. पुळुमावीच्या राज्याचं एकोणिसावं वर्ष. इसवी सन ७८ पासून मोजला जाणारा शक सातवाहनांनी सुरू केला असता, तर त्यांच्याच आजीबाईंनी तो लेखात घातला नसता का? शक वापरला तो क्षत्रपांनी, म्हणजे पश्चिमेकडच्या शक राजांनी, आणि शालिवाहनाचं नाव त्याला कित्येक शतकांनंतर जोडलं गेलं. हे निबंधात घालायचं की नाही ते तुम्ही बघा. शिक्षकांवर अवलंबून आहे.

दहा ओळींत एवढं मावणार नाही, मला कल्पना आहे. माझं ऐकाल तर सव्वा, दिवा आणि पडसं हे तीन शब्द ठेवा आणि बाकीचं गाळा. प्रति-चं पड कसं झालं ते पडसं सांगेल, प-चा व दिवा सांगेल, द कसा गळला ते सव्वा सांगेल. चौथी ओळ तो पाडवा आणि ती प्रतिपदा यांची. मुलांना हे फार आवडतं. पाचवी पांडवलेण्याची, पण प्रत्यक्ष जाऊन आल्यावरच लिहू द्या. सकाळी लवकर जा, नंतर तिथे सहलींची गर्दी होते आणि ऊनही वर चढतं. तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत उभं राहून लेकीला त्या तीन रेघा शोधायला लावा. तिला आधी सांगू नका कुठे आहेत.

आणि सासूबाईंना कृपा करून 'तुमचं चुकलं' असं सांगू नका. त्यांचा पाड शंभर टक्के खरा आहे, फक्त तो आंब्यापुरता आहे. त्यांना विचारा की बारस कशी सोडतात, अवसेला काय करायचे, पुनवेला कुठली जत्रा भरायची. माझ्या अनुभवाने सांगतो, अशी निम्मी नावं मला पुस्तकात नाही, ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांकडून मिळाली. एखादं माझ्या यादीत नसलेलं निघालं तर मला जरूर कळवा, कुठल्या गावचं ते सांगून.